पाहुण्यांची बारी

सिद्र अल-आलीला मी गेलो तो सहा संडास बसवायला.
कागदावर 'प्लंबर' लिहिलेलं;
साक्री तालुका, जिल्हा धुळे, हे कुणी विचारलं नाही.
डोंगराच्या काखेत मातीची चाळीस घरं,
त्यातल्या तिसांना कुलपं.
पोरं सगळी मस्कतला, कचेऱ्यांच्या एसीत.
खाली खजुरी, वर डाळिंबं,
आणि मधून फलज,
म्हणजे आपला पाटच,
मांडीएवढा, दगडात कोरलेला.

आदल्या हिवाळ्यात म्हणे कंपनी आली होती.
सगळं गाव भाड्याने द्या, तीस वर्षं;
तुम्ही खाली नव्या वसाहतीत राहा,
सणावारी येऊन कॉफी ओता, नटूनथटून.
मरहून बिन सैफने एवढंच विचारलं,
"मग आमच्या घरात आम्ही कुणाचे पाहुणे?"
आणि वर्गणी निघाली.
कुणाचे दोनशे रियाल, कुणाचा बोकड,
झुवैना बिन्त खल्फानच्या बांगड्यांची एक जोडी.

पहिला सीझन भांडणात गेला.
हमूदच्या गच्चीवरून दरी दिसते,
गाड्या सगळ्या तिथंच थांबायच्या.
झुवैनाचं घर खाली, गोठ्यामागे.
खिडकीतून भिंत दिसते,
भिंतीवर कधी शेळी.
तिने चादरी धुतल्या, घड्या घातल्या,
धूळ बसली, पुन्हा धुतल्या.
मी बसवलेला नळ कुणी उघडलाच नाही.

मग एका शुक्रवारी, नमाजानंतर,
मरहूनने सगळ्यांना काठीपाशी नेलं.
पाणी वाटायची काठी ती.
सावली या दगडावर आली की पाणी हमूदचं,
त्या दगडावर सरकली की मशिदीचं,
रात्री ताऱ्यांवर हिशेब.
म्हणाला, माणसंही अशीच वाटू.
ज्याची बारी त्याचे पाहुणे,
दरी दिसो नाहीतर शेळी.
हमूद भडकला, "माझ्या बारीला कुणी आलंच नाही तर?"
"पाणी आटतं तेव्हा पाटाला शिव्या देतोस?"
"देतो!"
लोक हसले. मग तोही हसला.

मला आमचा फड आठवला.
पांझरेकाठचा भिवसन पाटकरी,
खांद्यावर फावडं, कानात बिडी,
सख्ख्या भावाच्या वाफ्यालाही
घटकाभर जास्त सोडत नसे.
इथली भाषा मला चार शब्दांपलीकडे येत नव्हती,
हा कायदा येत होता.

काम संपलं त्या दिवशी घाटात दरड आली.
ट्रक उद्या.
अकरा महिने मी पत्र्याच्या खोलीत झोपलो होतो,
सिमेंटच्या पोत्यांशेजारी; ती खोलीही मोडलेली.
मशिदीच्या पायरीवर बसलो होतो, पानांची पेटी उशाशी,
तर झुवैनाचा धाकटा, मुहन्नद, मोबाइलचा उजेड पाडत आला.
आई म्हणते, चल.
खजूर, कॉफी, तव्यावरून उतरलेली कागदासारखी भाकरी,
आणि त्या घडीच्या चादरी.
नळ मीच पहिल्यांदा उघडला.
आधी खोकला, गंज थुंकला, मग वाहिला.

सकाळी वही उघडी होती.
अकरा महिन्यांत आकडे तेवढे शिकलो होतो.
माणसं: एक.
रक्कम: नुसता ठिपका. तिकडचं शून्य तेच.
पुढे खूण, बारी झाली.

तेवढ्यात दोन गाड्या आल्या, पाच जर्मन, कॅमेरे,
आणि नियमाप्रमाणे हमूदकडे गेले.
मी मरहूनकडे धावलो.
मी मजूर, पाहुणा नाही, खोडा ते, म्हणालो,
असंच काहीतरी, मोडकंतोडकं.
म्हातारा काठीची सावली बघत होता.
"वाफ्यात गेलेलं पाणी," म्हणाला,
"पाटात परत येतं का?"

नळ थेंब थेंब गळत होता, वायसर बदलला.
त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.
ट्रक वळणावर आला तेव्हा खाली, गोठ्यामागे,
दोरीवर एकच चादर होती,
ओली.